मोरीजवळचा पाट

देवास, थोरली पाती
माघ वद्य ५, शके १८२९

तीर्थस्वरूप सौ. अक्का हिच्या पायांशी भगवंताचा साष्टांग नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, त्याची माफी असावी. कमलच्या लग्नाची पत्रिका तुकारामाच्या सहीने पंधरा दिवसांपूर्वीच धारेस पोचली असेल. आजोबाची एक ओळही सोबत नाही म्हणून तुला कसेसे वाटले असेल. मला खोकला आहे. मांडवाच्या खांबांसाठी बल्ल्या आल्या त्या हातभर आखूड निघाल्या, त्या परत करण्यात चार दिवस गेले. आचारी उमाशंकर दहा वेळा बोलावले तेव्हा आला. एवढे सोडले तर इकडे सर्व क्षेम आहे.

हे पत्र तुझे तूच वाच. भास्कराकडे देऊ नकोस. माझ्याच पाटीवर तू अक्षरे गिरवलीस, माझ्याहून चांगली गिरवलीस, तेव्हा वाचता येत नाही असे म्हणू नकोस.

घरात सध्या एकच वाद चालू आहे. पंगतीला पाटांवर खडूने नावे घालायची की नाही. तुकाराम म्हणतो, नकोत, जो येईल तो बसेल. देवासचे तुला माहीत आहे. एका गावात दोन पात्या, दोन दरबार. थोरल्या पातीच्या माणसाचा पाट बोटभर मागे गेला तरी महिनाभर बोलणे बंद होते. म्हणून मी म्हणालो, नावे घालूच. तुकारामाने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "बाबा, एकशेदहा पाट तुम्ही एका माणसासाठी मांडता आहात."

मी त्याला रागावलो. पण ते खरे आहे.

यादी कमल लिहीत होती. मी सांगत होतो, ती नावापुढे जागा लिहीत होती. मानसिंगराव या नावाशी ती थांबली. "आबा, यांच्यापुढे कोरेच ठेवायला सांगितलंत. हे कोण?" मी म्हणालो, माझ्या बहिणीचे यजमान, माझे दाजी. तिला आश्चर्य वाटले. मला धारेत बहीण आहे हेच पोरीला नीट माहीत नव्हते.

अक्का, तुझ्या भास्कराच्या लग्नाला चोवीस वर्षे झाली. नवरदेवाच्या उजव्या हाताचा पाट मामाचा. मी तिथे बसलो होतो, कोणाच्या मेहेरबानीने नव्हे. भात वाढला होता, वरण पडले होते, तूप यायचे होते. तेवढ्यात दरबारातले कोणी मोठे गृहस्थ आले आणि दाजींनी साऱ्या पंगतीदेखत मला म्हटले, "ऊठ भगवंता. फरासाने सतरंजी घालावी, तिच्यावर बसू नये." लोक हसले. मी भरल्या पानावरून उठलो आणि तसाच उपाशी देवासला आलो. त्यानंतर धारेची वेस पाहिली नाही.

फरासखान्यात मी तीस वर्षे गाद्या आणि सतरंज्या घातल्या. मानाची जागा कोणती हे सरदारांना कळते. अपमानाची, पण जिची तक्रार करता येत नाही, अशी जागा फक्त फरासाला कळते. तशी एक जागा मी आपल्या मांडवात हेरून ठेवली आहे. दक्षिणेकडच्या टोकाला, मोरीपासून दोन हातांवर. तिथे सतरंजीची शिवण मांडीखाली येते. तंबूचा दोर असा ताणलेला असतो की गुडघा पसरता येत नाही. वाढपी शेवटी पोचतात, उष्टी पाने शेजारून जातात. तिथे दाजींना बसवायचे, आणि पहिला घास उचलला की जवळ जाऊन म्हणायचे, दाजी, आज सतरंजी मी घातली आहे.

हे वाक्य मी इतक्या वर्षांत किती वेळा म्हणून पाहिले आहे ते सांगत नाही.

तुकारामाला भीती आहे ती वेगळी. नवऱ्या मुलाचे वडील धारेचेच, दाजींच्या हाताखाली नोकरीला होते. अजून त्यांचा शब्द मोडत नाहीत. दाजी उठले तर धारेची सगळी माणसे उठतील, आणि मुंडावळ्या बांधलेली कमल मांडवात बसून राहील. मला हे समजत नाही असे नाही. समजूनही मी ऐकत नव्हतो.

मग परवा उमाशंकर आला. तो मागच्या महिन्यात धारेत एका लग्नाला रांधून आला आहे. मी सहज दाजींचे विचारले. तो म्हणाला, "भिया, उनको तो अब कुछ नी दिखता. बाईसाब हाथ पकड़ के मंदिर लाती हैं."

ऐकून मी यादी मिटून ठेवली. तुकारामाला वाटले, बाबांना पस्तावा झाला. मला पस्तावा झाला नव्हता. माझी जागा वाया गेली होती. चोवीस वर्षे मनात जपलेली जागा, आणि बसणाऱ्याला ती दिसणारच नाही.

काल दुपारी मांडवात कोणी नव्हते. मी त्या जागेवर जाऊन डोळे मिटून बसलो. आंधळ्याला काय कळते ते पाहायचे होते. सगळे कळते, अक्का. मोरीचा वास येतो. पाण्याचा आवाज येतो. दोर गुडघ्याला लागतो. मला बरे वाटले. तेवढ्यात कमल आली आणि म्हणाली, "आबा, इथे काय करताय? ही कोणाची जागा?"

दाजींचे नाव घ्यायला गेलो आणि तोंडात तुझे आले.

कारण त्यांना हाताला धरून त्या पाटापर्यंत तूच आणणार. मोरी तुला दिसणार. चोवीस वर्षे मी दाजींना शिव्या दिल्या, पण ते बोलून चालून परके. तू दारात उभी होतीस. तुपाची वाटी तुझ्या हातात होती. मी तुझ्याकडे पाहिले आणि तू वाटीत पाहिलेस. तेव्हापासून आजवर तुझी एक ओळ नाही. खोकल्याचे कारण खरे आहे, पण उशीर त्यामुळे झाला नाही. मी तुझ्या पत्राची वाट पाहत होतो.

आज मी तुकारामाला सांगितले, कोणाच्याच पाटावर नाव नको. दोन पाट तेवढे माझ्या हातात राहतील. एक मांडवाच्या तोंडाशी, माझ्या उजव्या हाताला. दुसरा तो मोरीजवळचा. मुलीकडच्या यजमानाने शेवटी जेवायचे असते, हे मला ठाऊक आहे. मी पहिल्या पंगतीला बसणार आहे. हसायचे त्यांनी हसावे.

दाजी माझ्या उजव्या हाताला बसतील. मीठ कुठे, भात कुठे, हे मी त्यांचा हात धरून दाखवीन. पण त्या पंगतीत तूप तू वाढायचे. धारेच्या सगळ्या माणसांदेखत, आधी माझ्या भातावर, मग त्यांच्या. वाढताना मोठ्याने म्हणायचे, भगवंता, बस. दाजींना दिसत नाही, ऐकू तर येते. हे तुला कबूल नसेल तर मग दुसरा पाट आहे. पुढे कमलचे काय होईल ते होईल, हे लिहायला नको होते, पण लिहिले ते खोडणार नाही.

भास्करास व सूनबाईस आशीर्वाद. थंडी अजून आहे, पांघरूण घेऊन ये.

भरल्या पानावरून उठलेला, तुझा धाकटा भाऊ
भगवंत

ता. क. फाल्गुन शुद्ध पंचमीला पंगत. तृतीयेला मी स्वतः सतरंज्या घालीन, आणि एकदा घातलेली मी हलवत नाही. इंदुराकडून येणाऱ्या कोणा टांगेवाल्यापाशी तोंडी निरोप देऊ नकोस. तुझ्या हातची ओळ हवी. या वेळी तरी वाटीत पाहू नकोस. तृतीयेच्या आत लिही, अक्का.