उरलेल्या गोळ्या

रविवार, ११ फेब्रुवारी

ताई,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे लिहिलं असतं तर तू पहिल्याच ओळीत ओळखलं असतंस की ढब्बूने काहीतरी उद्योग करून ठेवलाय. म्हणून नुसतं ताई. इकडे सगळे ठीक. धाकटीचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे सध्या ती बोलते कमी आणि शिट्ट्याच जास्त मारते. हिचं शिवणकाम जोरात आहे. भावोजींची कंबर कशी आहे? त्यांना म्हणावं, कपाटं सरकवायचं वय गेलं आता.

मी कामावर जातो, पण क्रेनवर नाही. गेल्या सोमवारपासून खाली स्टोअरमध्ये बसून बोल्ट आणि हातमोजे वाटतो. तू म्हणशील, ऑपरेशन झाल्यापासून मी दुसरं काय सांगत होते! हो, सांगत होतीस.

वरच्या केबिनचं तुला कधी नीट सांगितलं नाही. शिडीने चढायला वीस मिनिटं, उतरायला पंधरा. मी उतरलो की खाली पंचवीस माणसं हात बांधून उभी. म्हणून आम्हा क्रेनवाल्यांची रीतच आहे, सकाळी चढायचं ते जेवायच्या सुट्टीलाच उतरायचं. मधेच कोणी उतरायला निघाला की खालून इशारे देणारा सिग्नलवाला वॉकीटॉकीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, "काय बाळ, शू लागली?" काही जण बाटली नेतात. मला त्या काचेच्या पिंजऱ्यात, समोरच्या इमारतीतली माणसं दिसत असताना, ते कधी जमलं नाही. मग मी अक्कल चालवली आणि पाणीच बंद केलं. भरपूर पाणी प्या, लघवी तुंबवू नका, असं ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं, आणि मी पाच-पाच तास घोटभर चहावर काढत होतो.

गेल्या वर्षी जूनमध्ये पहिल्यांदा लघवीला जळजळ आणि ताप. दवाखान्यातून दहा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. चौथ्या दिवशी ठणठणीत वाटलं, तेव्हा बंद केल्या आणि उरलेल्या डब्यात ठेवल्या. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच. या वेळी दवाखान्यात जायच्या आधी दोन दिवस त्याच गोळ्या घेतल्या, म्हटलं, रिपोर्ट चांगला यावा म्हणजे क्रेनवरून उतरवणार नाहीत. गोळ्यांमुळे तपासणीत जंतू दिसलेच नाहीत. डॉक्टरीणबाई खूश, मी त्यांच्याहून खूश. जंतू मात्र आत तसेच.

जानेवारीत केबिनमध्येच हुडहुडी भरली. हात इतके थरथरायला लागले की लिव्हर धरवेना. ज्याच्या चेष्टेला मी घाबरत होतो, तोच सिग्नलवाला वर चढला आणि पायरी-पायरीने मला खाली घेऊन आला. नऊ दिवस दवाखान्यात होतो. तुला सांगितलं होतं ना, ट्रेनिंगला गेलोय म्हणून? ती थाप होती.

डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर गोळ्यांचं सगळं ओकलो. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "ही किडनी शरीराने परकी म्हणून हाकलू नये, यासाठी तुमची प्रतिकारशक्ती आम्ही औषधांनी दाबून ठेवलीय. दुसऱ्याला साधी जळजळ होते, तुमची थेट किडनीपर्यंत चढते. जंतू गेले, पण व्रण राहिले. तेवढा भाग आता काम करणार नाही." रक्तातलं क्रिएटिनिन, जे वाढलं की किडनी थकली समजायचं, एक पॉइंट दोन असायचं, ते आता एक पॉइंट नऊवर थांबलंय. जपलं तर बरीच वर्षं चालेल म्हणतात. असंच आणखी एक-दोनदा झालं तर पुन्हा डायलिसिस.

तू दर महिन्याला फोनवर विचारतेस, "कसं आहे आपलं?" आणि मी म्हणतो, "एकदम फर्स्ट क्लास." तुझा आवाज ऐकला की खरं तोंडातून निघतच नाही, म्हणून हे पत्र. ताई, तू दिलेलं मी जपलं नाही. आजाराने नाही गेलं, माझ्या फुकटच्या तोऱ्यापायी गेलं. याची मला फार लाज वाटते.

आणि आणखी एक. दवाखान्यात पडल्या पडल्या पहिल्यांदाच डोक्यात आलं की तुझ्याकडेही एकच किडनी उरलीय. सहा वर्षांत मी तुला एकदाही विचारलं नाही की तुझी तपासणी झाली का. कृपा करून ती करून घे.

येत्या सोळा तारखेला सकाळी दहाला मला दाखवायला जायचंय. बाई म्हणाल्या, घरचं कोणीतरी बरोबर आणा, तुमच्या एकट्याच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही. हिला आणतो म्हटलं असतं, पण तोंडातून निघालं, "बहिणीला विचारतो." येशील का? शिव्या घालायला आलीस तरी चालेल. नाही आलीस तर का, ते मी विचारणार नाही.

तुझ्या जिवावर जगणारा आणि तुलाच फसवणारा,
तुझा भाऊ