सिद्धम्माच्या फटी

१४ मे

डावा हात. अक्षर कोंबडीचं. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, रोज चार ओळी लिहा काका, कुणाला दाखवू नका. बरं. चार झाल्या.

१५ मे

लातूरहून घरी आलो त्याला आठवडा झाला. रेणुकाच्या घरी, लेकीच्या हातचं धपाटं खाताना घास तोंडातच राहिला आणि उजवी बाजू गेली. तसाच दवाखान्यात. आता नांदेडच्या आपल्या खोलीत, आपल्या खाटेवर. खिडकीतून फक्त कंपाउंडची भिंत दिसते.

जीभ जड आहे. मी बोलतो ते मला नीट ऐकू येतं, बाकीच्यांना ते गुळणी केल्यासारखं ऐकू जातं. बायकोला, सुकन्याला, थोडं कळतं. नाही कळलं तरी ती हो म्हणते, हा खरा वैताग!

१८ मे

सिद्धम्माची काळजी लागली आहे. लाकडी होडी उन्हाळ्यात कोरडी सोडायची नसते. फळ्या सुकतात, आकसतात, मधल्या फटी उघडतात. दरवर्षी मार्चपासून मी क्लबच्या शेडमध्ये जाऊन तिच्यावर ओली पोती टाकतो. गावाला टँकरचं पाणी आणि हा होडीला पाजतो, म्हणून लोकांच्या शिव्याही खातो. यंदा कुणी टाकली असणार? क्लब म्हणजे तरी काय, धरणाच्या काठावर एक पत्र्याचं शेड आणि पाच जुन्या होड्या. होडीतला माझा जोडीदार मोहियोद्दीन हैदराबादला, लेकीच्या बाळंतपणाला.

सुकन्याला विचारलं, "सिद्धम्मा?" तिला वाटलं मला आई आठवली. होडीला आईचंच नाव आहे. देवघरातून विभूती आणून कपाळाला लावली माझ्या.

२१ मे

आज सकाळी अंगणात ट्रॅक्टर. मागच्या ट्रॉलीवर सिद्धम्मा! खाट खिडकीशी सरकवली. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण सुकन्या तिला कधी शिवली नाही. "एक सासू गेली तर दुसरी आणली" म्हणायची. आज तिनंच तिला घरी आणली. शेडचा पत्रा उडाला होता म्हणे.

मग फडकं ओढलं आणि म्हणाली, "बघा."

सगळ्या फटी भरलेल्या. टाकीला चीर गेली की लावतात ना, दगडासारखं घट्ट होणारं लुकण, ते. वर घासून निळा रंग. मी दवाखान्यातून आल्यापासून, रोज दुपारी मी झोपलो की ती शेडवर जाऊन हेच करत होती. बोटांची सालं गेली आहेत.

"थेंब जाणार न्हाई आता आत."

मी रडलो. या आजारात रडू फार लवकर येतं, डॉक्टरांनी सांगितलंच होतं. तिनं शेजारणीला हाक मारून सांगितलं, बघा, आनंदानं रडून राहिलेत.

२२ मे

लिहून ठेवतो, नाहीतर डोकं फुटेल. फट ही लाकडाची जागा असते. पाण्यात गेलं की लाकूड फुगतं आणि फट आपोआप मिटते. त्या जागेत दगड भरला तर फुगलेली फळी जाईल कुठं? ती बाहेर रेटेल, आतल्या बरगड्यांवर जोर येईल, आणि बरगड्या तुटतील. एक तुटली की सगळ्या.

पण आपल्याकडं फट दिसली की माणूस भरतोच. टाकी, माठ, हौद, पाइप. आयुष्यभर पाणी धरून ठेवायचीच सवय. तिची काय चूक?

२३ मे

पाटीवर लिहिलं — लुकण काढून टाक. ती दूध घेऊन आली. बोटांना हळद लावलेली होती. तिनं वाचायच्या आत मीच पाटी पुसली.

९ जून

मोहियोद्दीन आला. नातवाचे फोटो दाखवले, नाव हमजा ठेवलंय. हा माणूस मंडपाचं कापड शिवतो, माझी शिडंही तोच शिवतो. वीस वर्षांपूर्वी, मी नौदलातून सुटून आलो आणि मुंबईच्या एका क्लबानं मोडीत काढलेली होडी ट्रकवर घालून आणली, तेव्हा सारं गाव हसलं. माझं मूळ गाव निलंगा; निलंग्याचा खलाशी, म्हणून. हा एकटा शीड मापायला टेप घेऊन आला आणि तेव्हापासून होडीत माझ्या पुढं बसतो. पोहायला अजून येत नाही त्याला!

अंगणात जाऊन सिद्धम्माभोवती एक चक्कर मारून आला. माझ्याकडं बघेना. सुकन्यानं विचारलं, कसं झालंय भाई? "लई मेहनत केली वहिनी," एवढंच म्हणाला.

त्याला दिसलं.

१६ जून

सुकन्या बाजारात गेल्यावर मी पाटीवर सगळं लिहिलं. मोहियोद्दीननं वाचून मान हलवली. लुकण उकरून काढायचं तर फळ्यांच्या कडा सोलून निघतील, ते आता होत नाही. मग तोच म्हणाला, लाकूड एका तासात फुगत नाही, त्याला दिवस लागतात. क्लबच्या दसऱ्याच्या शर्यतीला तासभर पाण्यात घालू, शर्यत झाली की लगेच बाहेर. तोवर कोरडी ठेवायची. पावसाळाभर ताडपत्रीत गुंडाळतो.

"तू सुकाणू धर डाव्या हातानं. बाकी मी बघतो. वहिनीला बोलायचं न्हाई."

दसरा! किती दिवसांनी काहीतरी गिळल्यासारखं वाटलं. व्यायामाचा चेंडू आज शंभरदा दाबला. मुलगी खूश.

२ जुलै

सुकन्याला सांगितलं, दसऱ्याला मी होडीत बसणार. ती भाजी निवडत होती.

"डॉक्टर काय म्हणले?"

डॉक्टर नको म्हणाले. पण डॉक्टरांना वाऱ्यातलं काय कळतं? पाटीवर लिहिलं, जाकीट घालीन. ती म्हणाली, घाला की. मी काय, आजवर तुमचं ऐकतच आले.

भाजी फार वेळ निवडली.

११ जुलै

लाज वाटते लिहायला.

न्हाणीघरात बसून अंघोळ करत होतो. साबणाला वाकलो आणि उजवीकडं कललो तो सरळ घंगाळात, तोंडावर. पाणी वीतभर असेल. उजवा हात खाली अडकला. डाव्यानं रेटतो तर काठ सापडेना. नाकात पाणी, कानात आवाज. मला कळत होतं की मान उचलायची आहे. मान कुठाय तेच कळेना.

सुकन्यानं केस धरून वर काढलं. तशीच ओलीचिंब धरून बसली. पंधरा वर्षं समुद्रावर काढलेला माणूस घंगाळात बुडत होता. मी हसायचा प्रयत्न केला. ती हसली नाही.

१२ जुलै

तिनं घंगाळ माळ्यावर टाकलं. आता तांब्यातांब्यानं तीच पाणी घालते, दार उघडं ठेवून.

दसऱ्याला जाणार म्हणजे जाणार. उलट आता तर जायलाच हवं. होडीत मी असा नसतो. तिथं कलणं हेच काम असतं.

२८ जुलै

अधिक महिना. रेणुका आणि जावई येऊन गेले, अनारसे झाले. जावई म्हणाला, बाबा, यंदा काठावर खुर्ची टाकून शर्यत बघा की. मी पाटी फेकली. त्याला लागली नाही, दुर्दैवानं.

मोहियोद्दीन रोज संध्याकाळी येतो, ताडपत्रीच्या गाठी तपासतो. सुकन्या त्याला चहा देते आणि दोघं अंगणात काहीबाही बोलत उभे असतात. पाऊस नाही. यंदा मी एकटाच असेन, पाऊस नाही म्हणून बरं वाटणारा.

२१ ऑगस्ट

श्रावणातला पहिला सोमवार. सकाळी उठलो तर ताडपत्री सोडलेली. सिद्धम्माच्या अंगावर ओली पोती! सुकन्या पाइप घेऊन उभी. आत पण पाणी भरलेलं, पार फळ्या बुडेपर्यंत.

ओरडलो. काय ओरडलो देव जाणे. ती खिडकीशी आली.

"तुम्हीच घालत होता ना दरसाल? यंदा राहूनच गेलं होतं. सासूबाईंना अंघोळ घालून राहिले."

नको, नको, नको. तीनदा म्हणालो. तिनं माझं तोंड पदरानं पुसलं, म्हणाली, उन्हं फार आहेत, तुम्ही पडा.

२२ ऑगस्ट

पाटी सापडत नाही. व्यायामाच्या मुलीला खुणेनं विचारलं, तिनं खाटेखाली पाहिलं. नाही. वहीतला एक कागद फाडून लिहिलं — पाणी बंद कर, होडी मोडेल. सुकन्याला चष्मा नव्हता. मग वाचते म्हणाली आणि कमरेला खोचला.

मोहियोद्दीन मालेगावला मंडपाच्या कामावर. फोनवर मी त्याला काय सांगणार? आणि मी बोललेलं त्याला काय कळणार?

२४ ऑगस्ट

रोज पाणी. टँकरवाल्याला जास्तीचा ड्रम सांगितलाय तिनं. शेजारी भांडले, तर ती त्यांच्याशी भांडली. माझ्यासाठी!

मी खिडकीत. आयुष्यात इतकं हतबल कधी वाटलं नाही. उठून चालत जाऊन तो नळ फिरवायचा, बस्स. सात-आठ पावलं. काठी धरून दारापर्यंत गेलो. तिनं पाहिलं, पळत आली, खुर्चीवर बसवलं, शाबासकी दिली चालल्याबद्दल.

२७ ऑगस्ट

दुपारी आवाज झाला. ऊस मोडताना होतो तसा. थोड्या वेळानं दुसरा.

सुकन्या ओट्यावर बसली होती. उठली नाही. मला वाटलं, तिला कळलंच नसेल कसला आवाज.

२८ ऑगस्ट

सगळं पाणी खालून वाहून गेलं. फळ्या पोट फुगल्यासारख्या बाहेर आल्या आहेत. आतल्या बरगड्या मधोमध तुटल्यात, मोहियोद्दीननं हात घालून मोजल्या. संध्याकाळी बसमधून उतरून तसाच आला होता. मला म्हणाला, संपलं मन्मथ. यंदाचं न्हाई, कायमचंच.

सुकन्या सिद्धम्माला टेकून खाली बसली आणि जी रडायला लागली ती थांबेना. आई गेली तेव्हाही इतकी रडली नव्हती. मी काठी टेकत गेलो. या वेळी तिनं अडवलं नाही. डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. असू दे, म्हणालो. तिला कळलं. माझा हात धरून म्हणाली, माफ करा मला. कशाची माफी, वेडे? माझ्यावरच्या मायेनंच केलंस ना सगळं.

होडी गेली आणि मीच तिची समजूत घालतोय! पण खरं सांगतो, तिच्यावर राग नाही. बिचारीला काय ठाऊक.

१९ सप्टेंबर

गणपती बसले. काही लिहावंसं वाटत नाही. चेंडू दाबत नाही. मुलगी रागावली.

६ ऑक्टोबर

क्लबातले दोघं आले होते. काठावर खुर्ची टाकतो, म्हणाले. शिट्टी तुम्ही वाजवा. फुंकर मारून दाखवली, गाल एकाच बाजूनं फुगतो. तेही हसले, मीही.

२३ ऑक्टोबर, खंडेनवमी

मोहियोद्दीननं शिलाईच्या मशिनी पुसून हार घातले, दरवर्षी घालतो. सुकन्यानं सिद्धम्माची पूजा केली. मोडकी तर मोडकी. विभूती लावली, डोकं टेकून बराच वेळ तशीच उभी राहिली. सासूच्या पण इतकी पाया पडली नसेल!

२४ ऑक्टोबर, दसरा

शर्यतीला गेलो नाही. मोहियोद्दीन सोनं द्यायला आला. सुकन्या आत होती. सिद्धम्माकडं बघत तो म्हणाला, "मी तरी काय करणार होतो? वहिनीला अधिक महिन्यातच सांगितलं होतं मी. होडीला पाणी लागू देऊ नका, बरगड्या जातील म्हणून. तिनं विचारलं, कोरडी का ठेवता, मला खोटं बोलवेना. वाटलं, इसरली असंल."

पोती तिनं श्रावणात घातली.

सुकन्या चहा घेऊन आली. बशीत ओतला, फुंकला, माझ्या ओठांना लावला. मी प्यालो.