कव्हरावरचं नाव

उचगाव, ता. १० फेब्रुवारी २००२

चि. शिवप्रसाद यास अप्पांचा आशीर्वाद. मी खुशाल हाय. खुशाल राहण्याजोगं तू काय ठेवलं न्हाईस, तरी.

तुमच्या ‘उलटी वरात’ बँडची पहिली कॅसेट पोचली. कव्हरावर ‘ट्रम्पेट : चनबसाप्पा’ असं माझं नाव छापलेलं बघून मी गावभर पेढे वाटले. आपल्या लग्नाच्या बँडातली सगळी माणसं गोळा करून टेप लावला. तुमचं ते स्का पंक का काय ते इंग्रजी म्युझिक, घोडं बिथरल्यासारखं सुरू झालं, तरी पोरं माना डोलवत होती. माझा तुकडा आला आणि केरबानं मान खाली घातली. जन्मभर माझ्या शेजारी क्लॅरिनेट वाजवलेला माणूस. म्हणाला, मास्तर, ही फुंक तुमची न्हाय. मलाबी कळलंच होतं की!

पुण्याच्या त्या स्टुडिओत मला दिवसभर उभा केलास, छान झालं म्हणालास, एस्टीत बसवून दिलास. मग हे वाजवलं कुणी? पोटच्या पोरानं बापाचं हसं केलं, दुसरं काय!

लोभाचं मागनं बघू, आधी उत्तर धाड.

तुझा अप्पा

पुणे, ता. १६ फेब्रुवारी २००२

ती. अप्पांना शि. सा. न. वि. वि.

वाजवलं सोमेशनं, आमच्या ट्रम्पेटवाल्यानं. तुम्ही गेल्यावर.

तुम्हाला वरातीत चालत वाजवायची सवय. काचेच्या खोलीत एका जागी तुमचे पाय थांबेनात. चपला करकरत होत्या; काढा म्हटल्यावर तुम्ही रेकॉर्डिंगवाल्यावर खेकसलात. आणि खरं सांगू? तुम्ही ताल सोडून पुढं पळत होता. दर वेळी. बँडमधली पोरं माझ्या तोंडाकडं बघायला लागली. ज्यांनी मला फुंकायला शिकवलं त्यांना मी सांगू, की जमत नाही म्हणून? कव्हरावर तुमचं नाव ठेवलं ते मानानं ठेवलं, तर त्याचाही राग! आणि पेढे वाटा असं मी सांगितलं होतं का?

आईला नमस्कार. कृपा नसली तरी पत्र असू द्यावं.

आपला, शिवप्रसाद

उचगाव, ता. २१ फेब्रुवारी २००२

चि. शिवप्रसाद यास आशीर्वाद.

पळत होतो तर पळत होतो. पण हे त्या खोलीत का बोलला न्हाईस? कसबा बावड्याच्या वरातीत तू बेसूर झालास, तवा मी नवरदेवाच्या घोड्यापुढं तुझ्या हातातनं ट्रम्पेट काढून घेतलं. नीट फुंक, न्हायतर घरी जा म्हणालो. तू रडलास, माझ्याशी बोलायचा बंद झालास, पण पुढच्या लग्नात नीट वाजवलंस का न्हाई? तुला वाजवणारा समजलो म्हणून शिव्या घातल्या. तू मला म्हातारा समजलास आणि छान म्हणालास. ह्येचा राग हाय मला.

मान म्हणं! न वाजवलेल्या सुराला माझं नाव नको. ते खोड आणि सोमेशचं छाप, पोरानं झकास वाजवलंय.

पुढचं गाणं धराल तवा मला बोलाव. पायताणं घरी ठेवून येतो. चुकलो तर सगळ्यांसमोर, तोंडावर सांग. परत छान म्हणालास, तर तिथंच ट्रम्पेट घालीन डोक्यात.

आई खुशाल हाय. लोभ हाय म्हणूनच एवढं लिवलं.

तुझा अप्पा