खेकड्यांचा सम्राट परत हाक मारत नाही

चि. भोपळ्यास,

आत्याचे पोटभर आशीर्वाद. (तू आता मोठा माणूस झालास, हाताखाली चारजण आहेत, हे मला ठाऊक आहे. पण ज्याचं डोकं स्वेटरच्या गळ्यातून बाहेर काढायला मी आणि तुझी आई दोन बाजूंनी ओढत होतो, त्याला मी दुसऱ्या कुठल्या नावाने पत्र लिहू?) तुझी तब्येत बरी असेलच. पाठ सरळ ठेवून बसत जा. दादाला म्हणावं, खोकल्याचं औषध बाटलीवर लिहिलंय तेवढं घे, चवीपुरतं नको. वहिनीला नमस्कार सांगू नकोस, तिला मी वेगळं पत्र लिहिणार आहे आणि त्यात तुझीच तक्रार असणार आहे.

इकडे मी ठणठणीत. तुझ्या काकांचा गुडघा ऑपरेशननंतर बरा आहे असं ते स्वतः सांगतात. चौथा मजला, लिफ्ट नाही, तेव्हा जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबतात. का थांबलात विचारलं तर म्हणतात, हवा बघतोय. (जिन्यात कसली हवा? पण शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाशी हवेवरून कोण वाद घालणार.) हे पत्र मुद्दाम कागदावर लिहिते आहे. ईमेल करणार होते, पण कॉम्प्युटर खेकड्यांना सामील आहे अशी माझी खात्री झाली आहे.

तर मुद्द्यावर येते. काका बिछान्यात पडून होते तेव्हा तू तो अंतराळातल्या साम्राज्यांचा खेळ पाठवलास. सोबत लिहिलंस की काकांचा वेळ चांगला जाईल, आणि यातले कॉम्प्युटरचे राजे आपल्याशी जी देवाणघेवाण करतात तो भाग मी केलाय. हे दुसरं वाक्य माझ्या नजरेतून सुटलं होतं. नाहीतर हे पत्र तुला बरंच आधी आलं असतं आणि जास्त कडक आलं असतं.

खेळ समजायला अवघड नाही, हे मी मान्य करते. प्रत्येकाचे थोडे ग्रह, थोडी जहाजं, ग्रहांवर खाणी. आपल्याकडे नसेल ते दुसऱ्याकडून घ्यायचं आणि बदल्यात काहीतरी द्यायचं. एका कॉम्प्युटरवर आम्ही दोघं आळीपाळीने खेळतो, एकाची पाळी असली की दुसऱ्याने बाल्कनीत जायचं. माझ्या साम्राज्याचं नाव मी 'खरेदी विभाग' ठेवलं. (पंपाच्या कारखान्यात ज्या विभागात सगळी नोकरी झाली, त्याचं नाव चालवायला दुसरं कोण आहे?) काकांनी आपल्या साम्राज्याला नावच दिलं नाही, पण एकेका ग्रहाला मात्र बारसं केल्यासारखी नावं ठेवली. त्यातला निळी खाडी हा त्यांचा फार लाडका. जेवताना मला निळ्या खाडीतल्या भरती-ओहोटीची माहिती सांगायचे. बाकीची साम्राज्यं कॉम्प्युटरची: ढगांसारखे लोक आहेत, दगडांसारखे आहेत, आणि खेकडे आहेत. तुझे ते खेकडे!

पण आधी पैज सांगते, नाहीतर तुला वाटेल आत्या म्हातारपणी खेळण्यांवरून भांडते आहे. आमच्या लेकीने, तुझ्या ताईने, तिच्या घराजवळ तळमजल्यावरची एक जागा आमच्यासाठी बघून ठेवली आहे. काकांचं मन तिकडे ओढतं. माझं मुळीच नाही. या घरातली एकेक फरशी मी गवंड्याशी भांडून बसवून घेतली आहे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला सगळा रस्ता दिसतो, कोण कुठल्या दुकानात फसून आलं ते चेहऱ्यावरून कळतं. तर एका संध्याकाळी आमची चांगलीच जुंपली. मी म्हटलं, जायचं तर तुम्ही एकटे जा, आणि उठून चालू लागले. तुला माझी पद्धत माहीत आहे. अर्ध्याला मागायचं, नाही म्हणाला की पाठ फिरवायची, पाच-सहा पावलं टाकायची. हाक येते म्हणजे येतेच! कारखान्यात ग्रीस विकणारे, नटबोल्ट विकणारे, सगळे माझ्यामागे दारापर्यंत आलेले आहेत. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. हाक नाही. घासलेलं पातेलं पुन्हा घासलं. तरी नाही. शेवटी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आले (पाणी स्वयंपाकघरातच असतं, हे काकांनी बोलून दाखवलं नाही, एवढा त्यांचा मोठेपणा). तर ते शांतपणे म्हणाले, "या खेळात जो जिंकेल त्याचं दुसऱ्याने ऐकायचं. चालेल?"

मी एका दमात हो म्हटलं. का नाही म्हणणार? समोर कोण, तर तुझे काका! दुकानदाराने किंमत सांगितली की हा मनुष्य विचारतो, "एवढंच?" मनापासून विचारतो, खवचटपणा नाही. एकदा छत्री घ्यायला गेलो, यांनी "एवढंच?" म्हटलं आणि दुकानदार इतका ओशाळला की त्याने छत्रीला एक पिशवी फुकट दिली. मी घरी येईपर्यंत दोघांवर चिडलेली होते. असल्या माणसाला हरवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मला वाटलं.

आता तुझ्या खेकड्यांचा न्याय ऐक. मला जोरात पळणारं इंजिन कसं बनवायचं ती विद्या हवी होती, ती खेकड्यांकडे होती. सम्राट पडद्यावर आला, नांग्या हलवल्या, किंमत सांगितली. मी अर्ध्याला मागितली. त्याने नाकारली. मी रीतसर 'चर्चा संपवा' हे बटण दाबलं आणि पाठ फिरवली. अक्षरशः पाठ फिरवली रे, खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. मग चहा ठेवला, प्यायले, कप विसळून आले. तरी हाक नाही! उलट पुढच्या पाळीला निरोप: आपल्या वर्तनामुळे उभय साम्राज्यांतले संबंध बिघडले आहेत. आणि किंमत वाढवलेली! भोपळ्या, मला सांग, कुठल्या बाजारात, कुठल्या जन्मात, दारातून गेलेल्या गिऱ्हाइकावर दुकानदार रुसून बसतो?

दुसरी गोष्ट. माझ्या भांडारात जेवढं खनिज असेल, नेमकं तेवढंच तो मागतो. ग्रॅमभर कमी नाही, जास्त नाही. समोरच्याच्या कपाटात डोकावून भाव सांगायला मी पण शिकले असते, पण आमच्यात त्याला चोरी म्हणत. तिसरी गोष्ट तर कहर आहे. जी विद्या माझ्याकडून दोन ग्रह घेतल्याशिवाय द्यायला हा तयार नाही, ती त्याने ढगांना एका गंजक्या जहाजाच्या बदल्यात दिली. दगडांनाही दिली. खेकडे एकमेकांचे पाय ओढतात म्हणून ऐकत आले, तुझे तर ढगांना आणि दगडांनासुद्धा वर ओढतात, खाली ओढायला फक्त आत्या! आपल्याला आवळा देऊन कोहळा काढायचा आणि घरच्यांना कोहळा असाच वाटायचा. सगळ्यांना एकच भाव लावा असं मी म्हणत नाही. तोंड बघून भाव सांगणं हा व्यापाराचा धर्म आहे. पण तोंड बघून सांगायचा तर निदान तोंड बघावं. मी किती चिकाटीची आहे, उद्या परत येणार आहे, परवा येणार आहे, हे त्या खेकड्याला दिसतच नाही.

तरी मी हिंमत सोडली नाही. मधे खेकड्यांची जहाजं माझ्या सीमेवर येऊन रांगेत उभी राहिली. मी सम्राटाला असा सज्जड निरोप धाडला की पुढच्या पाळीला सगळी माघारी वळली. बाल्कनीत जाऊन काकांना सांगितलं, बघा, याला म्हणतात बोलणी करणं. ते म्हणाले, "वा!" आणि कुंडीतली वाळलेली पानं काढत राहिले.

मला संशय होता तो काकांच्या वशिल्याचा. त्यांना खेकडे 'मित्रवर' म्हणायचे. म्हणून परवा दुपारी, ते गुडघ्याचा व्यायाम करायला दवाखान्यात गेले होते तेव्हा, मी त्यांच्या पाळीवर बसले. (हो, बसले. नियमात बसत नाही ते मला कळतं. पण तपासणी केल्याशिवाय मी आजवर कुठलाही माल आत घेतलेला नाही.) मला जो प्रस्ताव सम्राटाने 'अपमानास्पद' म्हणून परत केला होता, तोच, तंतोतंत तोच, काकांकडून पाठवला. मंजूर! वर आभार! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी दादालाच फोन लावणार होते की तुझ्या पोराने काय करून ठेवलंय ते बघ. आणि तेवढ्यात सम्राट आपणहून पडद्यावर आला. नांग्या जोडून म्हणाला, मित्रवर, 'खरेदी विभाग' या साम्राज्यावर आक्रमण न करण्याच्या बदल्यात ठरलेला पुढचा ग्रह अद्याप आमच्या ताब्यात आलेला नाही.

पुढचा, भोपळ्या! म्हणजे आधीचे गेले. नकाशा बघितला तर काकांकडे कसेबसे दोन-तीन ग्रह उरलेले आणि निळ्या खाडीवर खेकड्यांचं निशाण. बरेच दिवस जेवताना भरती-ओहोटी निघाली नव्हती, ते का ते तेव्हा कळलं. माझ्या सज्जड निरोपाने खेकड्याची एक नांगीसुद्धा हलली नव्हती. जो तह मी तोंडाच्या जोरावर मिळवला म्हणून मिरवत होते, तो या माणसाने विकत घेऊन दिला होता. आणि तोही सांगितलेल्या किमतीला! एका शब्दाची घासाघीस नाही! मी खुर्चीत बसून आधी चिडले, मग रडले, मग पुन्हा चिडले, कारण निळी खाडी निदान अर्ध्यात सुटली असती.

असो. तर तू ताबडतोब खेकड्यांना शिस्त लाव. गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालं की हाक मारायला शिकव, दुसऱ्याच्या भांडारात बघायची बंदी कर, आणि माझ्या अपमानाबद्दल सम्राटाकडून दोन ओळी लिहून घे. उत्तर लवकर पाठव, बाकी सर्व क्षेम आहे.

तुझी,
आत्या

ता. क. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून खरं ते लिहिते. खेकड्यांना राहू दे तसेच. मला फक्त एवढं कळव की या खेळात हरायचं कसं. काकांनी सगळं देऊन टाकल्यामुळे आता मीच जिंकते आहे रे! काल मी कठड्यावरून वाकून बघितलं. ते खालून येत होते, वळणावर थांबले, दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि डोळे मिटून उभे राहिले. हवा बघत नव्हते. जीव तुटला माझा. तेव्हाच ठरवलं की हरायचं. सरळ जाऊन 'चला तळमजल्यावर' असं म्हणता येतं हे मला कळतं, पण मी जन्मात भांडणात कुणाला आधी हो म्हटलेलं नाही, जीभ वळत नाही. म्हणून गुपचूप माझा सगळ्यात चांगला ग्रह खेकड्यांना फुकट देऊ केला. सम्राटाने तो परत पाठवला. म्हणे, आपल्या हेतूंबद्दल आम्हाला शंका आहे! आता फुकट द्यायलाही माझी पत नाही. आत्याबाईला मिशा असत्या तर हा खेकडा मला काका समजला असता आणि काम झालं असतं.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं ते बरं झालं, आता वरचं काहीच करू नकोस. आत्ताच काकांनी कॉम्प्युटर बंद केला आणि म्हणाले, "मी हरलो. आपण इथंच राहू, तुझी खिडकी तुला." माझी पावलं सवयीने स्वयंपाकघराकडे वळली होती. पण हा माणूस हाक मारणाऱ्यातला नाही, हे मला इतक्या वर्षांनी तरी कळायला हवं ना? मग मीच परत फिरले आणि आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण किंमत एकदम सांगून टाकली. म्हटलं, "मला तळमजला हवा, लेकीच्या जवळ हवा, स्वयंपाकघराला रस्त्याकडची खिडकी हवी, आणि तुम्ही रोज जेवताना निळ्या खाडीचं बोलायला हवं." काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. माझ्याकडे बघून म्हणाले, "एवढंच?"