बापूरावांच्या टेम्पोसाठी नखी

१८ एप्रिल, शुक्र.
पळसदेवला पोचलो. रेल्वेत अंग आंबलं. हात अजून पोकलेनवरच हाय, चहाचा कप धरला तरी लिव्हर धरल्यासारखा.
आईनं पिशवी उलटी केली. कपड्यातनं गिटारच्या नख्या चटईवर पडल्या, पातळ, जाड, सगळ्या. म्हणली, "अरुणाचलात जाऊन डोंगर फोडलं आन ही बटणं कमावलीस व्हय?"
ठेकेदारानं परतीचं तिकीटपण काढून ठेवलंय, ३० ता. मला जायचं न्हाय. आईला बोललो न्हाय अजून.
लासुर्ण्याच्या बापूरावांच्या बेंजो पार्टीतला गिटारवाला पुण्याला गेला. जागा मोकळी हाय. त्यांनी घेतलं तर हितंच राहिलो. न्हाय घेतलं तर...

१९, शनि.
सगळ्या नख्या वाजवून बघितल्या. पातळ म्हणजे दुधाच्या पिशवीगत. उसाच्या पाल्यातनं वारा जावा तशी तारांवरनं सळसळते. गोड. पण घरातल्या पंख्यापुढंसुद्धा आवाज बुडाला. मधली एटीएम कार्डाएवढी जाड, तिचं काय मनात भरलं न्हाय. जाडी मात्र खणखणीत, तार न् तार सुटी.
वरातीच्या टेम्पोवर बाजूला ताशा असणार. जाडीच घ्यायची. ठरलं.

२०, रवि.
लासुर्णे. उसाच्या कडंला बापूरावांचं पत्र्याचं शेड. गळ्यात तुळशीची माळ, मिशीला काळा रंग, बोलणं भोंग्यासारखं. "भिगवणपास्नं अकलूजपातूर माझा बेंजो ऐकल्याबिगर नवरदेव घोड्यावर बसत न्हाय."
वाटलं नुसती हवा. मग त्यांनी नखी दातात धरली, सूर जुळवला, नखी हातात घेतली आणि वाजवलं.
काय लिहू. डावा हात बटणांवर पळतोय, उजवा हलल्यासारखासुद्धा वाटत न्हाय. नखी तारेला लागल्याची टिकटिक न्हाय. नुसता सूर, कुणी गळ्यातनं काढल्यासारखा. एवढी बढाई मारणारा माणूस बढाईपेक्षा मोठा निघाला.
मग मी. पोकलेन चालवतो म्हणून सांगितलं आन गिटार काढली. जाडी नखी. दुसऱ्याच कडव्याला तार तुटली.
"आरं वाजवतुयास का पाया खोदतुयास?"
सगळे हसले. मी गिटार पिशवीत घालाय लागलो तर म्हणले, "थांब की पोकलेन. पाण्याच्या पायपाभवतीची माती काढलीयास का कधी, पाइप न फोडता?"
"लई येळा."
"मग तितला हात हितं आण. आन ती ढेकळं फोडायची नखी बदल. शनवारी इंदापूरला हळद हाय. बघू."
पोकलेन नाव पडलं. राग न्हाय आला. येताना गाडीवर उजवा हात हवेतच चालवत आलो.

२२, मंगळ.
बारामती. दुकानदार म्हणला, "जाडी किती पाहिजे?" म्हणलं, "सूर मोठा यावा पण नखी ऐकू येऊ नये, तेवढी." त्यानं डबाच पुढं सरकवला. तासभर चाळला. एक आवाजाला बरी तर बोटाला बोजड, दुसरी बोटाला बरी तर घामानं निसटते. हात हलवत परत.

२३, बुध.
दोस्त दत्ताकडं गेलो, पाण्यावर. उजनीचं पाणी लई मागं गेलंय, बुडालेल्या देवळाचं टोक दिसतंय. दत्ता जाळं झाडत होता. दगडावर मोठ्या कटला माशाची खवलं वाळून कडक झालेली, काचेगत. गंमत म्हणून एक उचललं. कडंला पातळ, मधी जाड.
डोक्यात उजेडच पडला. दोन्ही एकातच!
कात्रीनं कापलं, दगडावर घासलं, घरी येऊन वाजवलं. नखानं वाजवल्यागत मऊ, पण दम हाय. आई सैपाकघरातनं बाहेर येऊन उभी राहिली.
लिंबानं धुतलं. साबणानं धुतलं. दत्ताचा फोन: "वास राहिला तर नवरी पळंल बरं का."

२७, रवि.
कालचं.
हळदीला टेम्पो निघाला. खवल्यानं वाजवत होतो. टिकटिक न्हाय, तार तुटली न्हाय. बापूरावांनी एकदा वळून बघितलं. मिशीतनं हसले वाटतं.
चौकात गर्दीचा धक्का बसला. त्यांची नखी हातातनं उडाली, खाली पायात गेली. गाणं चालू. त्यांनी माझ्याकडं न बघताच हात पसरला. "दे!"
दिलं. दुसरी काढायचं सुचलंच न्हाय.
त्यांनी ते दातात धरलं. उतरलेली तार जुळवली. मग वाजवलं. आईशप्पथ, नवरदेवाच्या म्हाताऱ्या आत्या नाचल्या. मी गिटार सोडून ऐकतच बसलो. माझ्या खवल्यातनं असलं निघतं?
गाणं संपलं. नखी उजेडात धरून म्हणले, "झकास हाय रं. शिंगाची का?"
व्हय म्हणलो असतो तर झालं असतं. सगळे बघत होते. त्यांच्या गळ्यातली माळ माझ्यापुढं लोंबत होती. ज्या माणसानं असं वाजवलं त्याच्याशी खोटं कसं बोलू.
"कटल्याचं खवलं हाय, बापूराव."
ताशावाल्याची काठीच थांबली. बापूरावांनी खवलं माझ्या हातावर ठेवलं. फेकलं न्हाय, ठेवलं. खाली उतरून चुळा भरल्या, किती भरल्या. माळेला हात लावून डोळं मिटलं. वर आले, खिशातनं दुसरी नखी काढली, पुढचं गाणं धरलं.
उतरताना एवढंच, "पाप माझ्या तोंडाला, पुण्य तुझ्या हाताला." हसून म्हणले का रागानं, अंधारात कळलं न्हाय.

२८, सोम.
फोन न्हाय. आईला सगळं सांगितलं. जायचं न्हाय हेपण. "माळकऱ्याच्या तोंडात मासा घातलास मुडद्या," म्हणली आणि तोंडाला पदर लावून हसत बसली. मग उठली. पिशवीत शेंगदाण्याची चटणी भरली.

२९, मंगळ.
बापूरावांचा फोन. "उद्या दुपारी भिगवणच्या चौकात टेम्पो येतुय. गिटार घिऊन हुबा राहा. हातात काय धरायचं ते धर, मी बघणार न्हाय. माझ्या हातात दिऊ नको म्हंजे झालं."
म्हणलं, "म्हंजे घेतलं का मला? कायमचं?"
"बघू."
फोन ठेवला. उद्या दुपारीच परतीची रेल्वे हाय.
पिशवी दाराशी, गिटार तिला टेकून. खवलं परत एकदा धुतलं.
आईनं विचारलं, "काय म्हणले?"
"बघू म्हणले."
"आन तिकिटाचं?"
खवलं खिशात टाकत म्हणलं, "बघू."