हातोड्याची सांडशी

मी, शालिग्राम किसन लांजेवार, वय एकोणसाठ, तोफांचे गाडे बनवणाऱ्या गन कॅरेज फॅक्टरीच्या लोहारखान्यातून निवृत्त, राहणार रांझी, जबलपूर, हे माझे मृत्युपत्र करतो. माझे डोके ठिकाणावर आहे. उजवा हात नाही. चौतीस वर्षे घण मारून तो असा झाला आहे की चहाचा कपही धरवत नाही. म्हणून मी सांगतो आणि माझा मुलगा शैलेंद्र लिहितो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. त्याच्यावर माझा आहे. सांगेन ते सगळे, काही न गाळता, लिहीन असे त्याने आईसमोर कबूल केले आहे.

माझा धाकटा भाऊ बंडू गेल्या महिन्यात, नऊ नोव्हेंबरला, पनागरच्या झोपडीत वारला. त्यानंतर लढाई लागली. पेशावरच्या विमानतळावर बॉम्ब पडल्याची बातमी रेडिओवर आली, त्या दिवशी शैलेंद्र पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "घ्या बाबा. तुमच्या पेशावरचा हिशोब बराबर झाला." मी पेढा घेतला नाही. त्याच दिवशी हे लिहायचे ठरवले.

कलम १. रांझीतील दोन खोल्यांचे घर व मागचे अंगण, पेरूच्या झाडासह, माझी पत्नी राधाबाई हिच्याकडे ती असेतो राहील. तिच्यामागे शैलेंद्र आणि मुलगी विभावरी यांचा निम्मा-निम्मा वाटा. लग्न झाले म्हणून विभावरीला वगळू नये. शैलेंद्र म्हणतो, "दीदीला मी काहून नाही म्हणीन?" नाही म्हणणार नाहीस, तरी लिही. फंडाची सर्व रक्कम राधाबाईची.

कलम २. ऐरण, भाता, दोन्ही घण, छिन्न्या व सांडशा माझा भट्टीवरचा जोडीदार गणपत बोरकुटे याला द्याव्यात. त्याने चौपन्न साली माझी एक चांगली छिन्नी नेली आणि आजवर आणून दिली नाही. तीही त्याचीच समजावी. दोन रतली हातोडा मात्र यात येत नाही.

कलम ३. हा हातोडा आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. मोहल्ला समितीचे चंद्रशेखर भैया दर दसऱ्याला हार घेऊन येतात, त्याला कुंकू लावतात आणि जमलेल्यांना सांगतात, "काकांनी पेशावरात एका घावात काम तमाम केले आणि भावाला सोडवून आणले." चोवीस वर्षे मी ऐकून घेतले. गप्प बसणाऱ्याला लोक विनयशील समजतात. खरे काय ते खाली देतो. ते या मृत्युपत्राचाच भाग आहे.

आमचे घर महानुभाव पंथाचे. बंडूने विसाव्या वर्षी दीक्षा घेतली आणि गुरुबाबांबरोबर पेशावरच्या मठात सेवेला गेला. दीक्षेनंतर त्याचे नाव बदलले, पण मी बंडूच म्हणणार. तो गेला तेव्हा पेशावर परदेश नव्हते. परत आला तेव्हा होते.

त्रेचाळीस साली आम्ही नवराबायको महिनाभर तिथे राहिलो. पहाटे स्मरण, मग पोथी. आमच्या पोथ्या मराठीत, म्हणून तिथल्या पंजाबी बाया मराठी शिकत. घरात पंजाबी बोलायच्या आणि मठात जुन्या पोथीतले मराठी. राधाबाईने एकीला विचारले, "जेवण झालं का?" तर तिला समजले नाही. पोथीत तो शब्द तसा नव्हता. दुपारी बंडू पाच घरची भिक्षा आणी. सगळे एकत्र कालवून एकदाच खाई. पाणी फडक्याने गाळून पिई. मुंगी चिरडू नये म्हणून खाली पाहून चाले. मला त्याने एकदा पत्रात लिहिले होते, "दादा, तू बनवतोस त्याला चाकं असतात. म्हणजे ते कुठे ना कुठे जातंच." मी त्या पत्राला उत्तर दिले नाही.

दर गुरुवारी शेजारचा कल्हईवाला रहमत मठाची भांडी उजळायला येई. अंगणातच बसे, भाता लावी आणि बंडूची थट्टा करी.

"महाराज, आपका भगवान बर्तन में रहता है या पेट में?"

"कल्हई अच्छी हो तो दोनों में."

"फिर तो मैं ही आपके भगवान का घर लीपता हूँ. दंडवत बोलो मुझे."

बंडू खरोखरच हात जोडून त्याला दंडवत प्रणाम म्हणे. रहमत लाजून आपल्या लांब सांडशीने निखारे सारखे करत बसे. बंडूला महाराज म्हणणारा त्या गल्लीत तो एकटाच होता. मठात येणारे इतर सगळे बाबा म्हणत.

सत्तेचाळीसच्या ऑगस्टअखेर मी रजा काढून बंडूला आणायला गेलो. वाटेसाठी पिशवीत हातोडा घेतला होता. गुरुबाबा चैत्रातच वारले होते. मठात बंडू एकटा. म्हणाला, "पोथ्या टाकून कसा येऊ?" त्या बांधण्यात नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी, भर दुपारी, गल्लीला आग लागली.

समोरच्या घरातल्या म्हातारीला वरच्या सज्ज्यातून खाली टाकले. ती दगडावर पडली तो आवाज मी ऐकला. तिच्या मुलाला नालीत धरून कापले. तो बराच वेळ ओरडत होता. आम्ही जिन्याच्या वर दार लावून बसलो. पोथ्यांची खोली पेटली होती आणि धुराने डोळे उघडत नव्हते. मग कडीत कोणी तरी लोखंड घालून ती उचकटू लागले. दार उघडले. तोंडाला फडके गुंडाळलेला एक माणूस आत आला. त्याच्या हातात लांब लोखंड होते. त्याने बंडूची मान धरली आणि त्याला दाराकडे ओढले.

बंडू ओरडला, "दादा, मार!"

मी मारले. पहिला घाव कपाळावर बसला. तो गुडघ्यांवर आला आणि म्हणाला, "महाराज."

हा शब्द मी ऐकला. शैलेंद्र, हे नीट लिही. मी ऐकला, आणि कोण म्हणते तेही मला कळले. त्यानंतर मी आणखी दोन घाव घातले. पहिला घाव बंडूने सांगितलेला होता. दुसरा आणि तिसरा माझे. का, ते मला आजही सांगता येत नाही. लोहाराचा हात तीन घावांचा असतो, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितले. ते खोटे आहे. हात थांबवता येतो.

इथे शैलेंद्रने लेखणी खाली ठेवली. म्हणाला, "बाबा, हे काहून लिहून घेऊन राहिले तुम्ही? गेला ना तो. अब क्या फायदा?" मी म्हणालो, तू बोललास तेही लिही.

कलम ४. मी फडके काढले. रहमतच होता. कवटी एका बाजूने आत गेली होती. त्याच्या हातातले लोखंड म्हणजे त्याची कल्हईची सांडशी. जिन्यात त्याची बायको उभी होती, तिच्या हातात दोन पांढरे बुरखे. ते आमच्यासाठी आणले होते. बुरखे तिने पायरीवर ठेवले, वर येऊन बसली, त्याचे डोके मांडीवर घेतले आणि म्हणाली, "जाओ."

आम्ही ते बुरखे घालून निघालो. माझ्या बाहीवरून रक्त खाली येत होते, ते बुरख्यात मुरले. गल्लीच्या तोंडाशी तलवारी घेतलेले लोक उभे होते. एक म्हणाला, "रहमत उस्ताद के घर की हैं, जाने दो." त्यांनी आम्हाला वाट दिली.

माझा बुरखा ट्रंकेत तळाशी आहे. राधाबाईने चार वेळा धुतला, डाग गेला नाही. फंडातला तिसरा हिस्सा त्या बाईला द्यावा असे माझ्या मनात होते. वकील हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "लांजेवारजी, तो शत्रूचा मुलुख. आणि नाव काय लिहू?" नाव मला माहीत नाही. तो बुरखा कोणालाही देऊ नये, टाकूही नये. राधाबाईने ठेवावा. तिच्यानंतर विभावरीने.

कलम ५. निर्वासितांच्या छावणीत मी बंडूला रोटी दिली. तो म्हणाला, "तुझ्या हातची नाही, दादा." त्यानंतर चोवीस वर्षे तो पनागरला राहिला. आठवड्यातून एकदा आमच्या गल्लीत भिक्षेला येई. आमच्या डावीकडच्या घरी थांबे, उजवीकडच्या घरी थांबे. आमचे दार सोडून पुढे जाई. राधाबाई ताटली घेऊन उभी असायची. एकदा, पन्नास साली, मी त्याला रस्त्यात गाठले आणि म्हणालो, "मार म्हणणारा तूच होतास." तो म्हणाला, "म्हणूनच." मी त्याचा राग धरला आणि वर्षानुवर्षे तो पोसला. दारापुढून जाताना तो ठेचकाळून पडावा असे माझ्या मनात येत असे.

तो वारल्यावर अंघोळ घालताना मी त्याची झोळी खांद्यावरून काढली. बाहेरून काळपट कापड होते. उलटी केली तर आतून पांढरे अस्तर, आणि तळाशी टाक्यांनी बसवलेली डोळ्यांपुढची जाळी. त्याच्या वाटचा बुरखा होता तो. चोवीस वर्षे त्याने प्रत्येक घरचा घास त्या कापडात घेतला. त्यात माझ्या हातचे कसे घेणार होता? हे मला उशिरा समजले. झोळी त्याच्याबरोबर पुरली. माझा राग मी मागे घेतो.

माझ्यानंतर आमच्या दारी दुपारी जो येईल त्याला वाढावे. कोण आहे ते विचारू नये.

कलम ६. हे शैलेंद्रविषयी आहे आणि त्यानेच लिहायचे आहे.

एकसष्टच्या फेब्रुवारीत शहरात दंगा झाला. चंद्रशेखर भैया दारात येऊन म्हणाले, "काका, तो पेशावरवाला हातोडा द्या. आज त्याचीच गरज आहे." मी नाही म्हणालो आणि पाळीवर गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा बंडू पेरूखाली बसला होता. उजवे मनगट मोडलेले, हाड कातडी फाडून बाहेर आलेले. म्हणाला, "घाटाच्या पायरीवरून पडलो." शैलेंद्र तेव्हा सतरा वर्षांचा होता. तो आत भिंतीकडे तोंड करून निजला होता.

माझ्या हातोड्याच्या तोंडाचा एक कोपरा उडालेला आहे. तो जिथे बसतो तिथे नखाएवढी अर्धी कोर उमटते. ती खूण मी रहमतच्या कपाळावर पाहिली होती. तीच मनगटाजवळ पाहिली. शैलेंद्र, तू ट्रंकेतून हातोडा काढलास. काकाने तुला पाहिले आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा आमच्या दाराशी थांबून उंबऱ्यावर आडवा झाला. त्याने तुझा पाय धरला असेल. सोडवायला तू मारलेस. सोडवण्याच्या भरात होते असे. मी दहा वर्षे विचारले नाही, कारण विचारले असते तर तू मला माझे तीन घाव विचारले असतेस. तुझ्या हातात तो हातोडा माझ्या गप्प बसण्याने दिला.

शैलेंद्र लिहितो आहे.

कलम ७. हातोड्याला यापुढे हार घालू नये. समितीला देऊ नये. नर्मदेत टाकू नये. तिथेही लोक फुले सोडतील. गणपतने तो भट्टीत लाल करून ओढावा आणि त्याची कल्हईवाल्याची लांब सांडशी करावी. दोन रतल पोलादात एक सांडशी निघते, मी अंदाज घेतला आहे. उडालेला कोपरा आत जाईल असे ठोकावे. मग आमच्या गल्लीत कल्हईवाला येतो त्याला ती शैलेंद्रने स्वतः नेऊन द्यावी. कारण विचारले तर सांगावे.

कलम ८. मला जाळावे. मी संसारी माणूस, बंडूशेजारी पुरू नये. माझ्या मागे लोक जेवायला बसतील त्या दिवशी, पहिले ताट वाढण्याआधी, कलम तीन ते सात चंद्रशेखर भैयांसमोर मोठ्याने वाचावीत. शैलेंद्रने वाचावीत. ज्याला उठून जायचे त्याला जाऊ द्यावे. उरलेल्यांना पोटभर वाढावे.

याप्रमाणे माझे सांगणे संपले. मला वाचून दाखवले, बरोबर आहे.

निशाणी: डाव्या हाताचा अंगठा, शालिग्राम किसन लांजेवार.

साक्षीदार, आमच्या समोर अंगठा केला:
१. गणपत बोरकुटे, रांझी. (छिन्नी सापडली आहे. आणून देतो.)
२. विष्णुपंत देव, शिक्षक, घमापूर.

जबलपूर, ता. २१ डिसेंबर १९७१.

लिहिणार: शैलेंद्र शालिग्राम लांजेवार. वडिलांनी सांगितले तसे लिहिले, काही गाळले नाही. कलम ६ मध्ये एक दुरुस्ती आहे, ती वडिलांना विचारून इथे करतो. काकांनी माझा पाय धरला नव्हता. ते नुसते पडून होते. मला ओलांडून जाता आले असते.