तीन बोटं बाजूला

देवगड, गुरुवार

प्रिय गौरजा,

फोन तू उचलत नाहीस, मेसेजला उत्तर देत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या भावाच्या, दीपेशच्या हातात देते आहे. शिरोड्याला पोचेपर्यंत त्याने ते फोडलं नाही म्हणजे मिळवलं. हवं तर फाडून टाक, पण पूर्ण वाचून फाड. गोव्याहून परतल्याला आज सतरा दिवस झाले. या सतरा दिवसांत मी शाळेत मुलांवर जेवढी खेकसले तेवढी अख्ख्या वर्षात खेकसले नसेन. आमच्या अक्काने तर निघतानाच विचारलं होतं, "मार खावक इतक्या लांब कित्याक जातास गो?" तिच्या लेखी केंडो म्हणजे दोन शहाण्या बायकांनी चिलखत घालून एकमेकींना बांबूच्या तलवारीने बडवणं. आठ वर्षं दर रविवारी कुडाळच्या हॉलमध्ये आपण दुसरं काय केलं म्हणा.

तुझ्या डाव्या टाचेची शीर तुटली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आता खेळ विसरा. तू कसली विसरतेस! अकरा महिने किनाऱ्यावरच्या वाळूत तू पाय घडवलास, आणि गोव्याच्या या आंतरराष्ट्रीय शिबिरात तिसऱ्या डॅनची, म्हणजे वरच्या श्रेणीची, परीक्षा पास झाले तरच पुढे खेळेन, नाहीतर चिलखत उतरवेन, असं स्वतःलाच बजावलंस. जाताना गाडीत माझ्याकडून शपथ घेतलीस, "माका दया नको हा भार्गवी, फटको व्हयो." मी हसत हो म्हटलं.

शिबिरातल्या स्पर्धेत त्या मलेशियाच्या मुलीच्या डोक्यावर तू मारलास तसा फटका मी आयुष्यात मारलेला नाही. तिन्ही पंचांचे झेंडे वर गेले. आणि तू वेड्यासारखी मूठ हवेत उंचावलीस! गुण मिळाल्याचा आनंद दाखवला की तो गुण काढून घेतात, हे नव्या मुलांना पहिल्याच दिवशी कोण सांगतं? तूच ना? गुण गेला, मग लढतही गेली. मुखवट्याच्या जाळीआड तुझा चेहरा दिसत नव्हता, पण पडलेले खांदे दिसले. त्या संध्याकाळी तू जेवली नाहीस, आणि मीही नुसती भातात बोटं फिरवत बसले.

दुसऱ्या दिवशी परीक्षेला वयानुसार जोड्या लावल्या. माझा नंबर एक्केचाळीस, तुझा बेचाळीस, पहिली लढत आपली आपल्यातच. पाच परीक्षक ओळीने बसलेले, कुणाच्या चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. माझ्या तलवारीचं टोक तुझ्या गळ्यासमोर. ते तिथे असेपर्यंत तुला माझ्या डोक्याकडे वाट नव्हती, ती तुझी तुलाच पाडायची होती. तू डाव्या पायावर भार घेतलास आणि मला वाटलं, आता ही शीर पुन्हा तुटणार. पण तू उसळलीस, फटका डोक्यावर बसला, हॉलभर तुझा पाय वाजला. दुसऱ्या लढतीत, दुसऱ्या मुलीसमोर, मात्र तू तशीच सरळ घुसलीस आणि तीनदा मार खाल्लास. निकालाच्या यादीत एक्केचाळीस होता, बेचाळीस नव्हता. पाचांतल्या म्हाताऱ्या जपानी परीक्षकांनी तुला दुभाष्याकरवी एवढंच सांगितलं, की पहिला फटका स्वच्छ होता, पण तो मिळवलेला नव्हता. परतीच्या गाडीत तू कुडाळपर्यंत एकच वाक्य बोललीस, "मी संपलंय गो." आणि मी, कपाळकरंटी, तुझी पाठ थोपटत बसले.

काल दीपेश म्हणाला, तुझं चिलखत विकत न्यायला शनिवारी पुण्याची कुणी मुलगी येते आहे. म्हणून आज लिहायला बसले. गौरजा, तो फटका तू मिळवला नाहीस कारण मी तो तुला दिला. तू निघण्याआधीच मी टोक तीन बोटं बाजूला घेतलं. आदल्या दिवशीचे तुझे खांदे डोळ्यांसमोरून जाईनात. तुला वाटलं वाट आपण पाडली, आणि पुढच्या लढतीत तीच मिळेल म्हणून घुसलीस. त्या म्हाताऱ्याने नेमकं पाहिलं, बोलणी मात्र तू खाल्लीस. मी शपथ मोडली, वर पास झाले, आणि यादीत माझा नंबर होता म्हणून सतरा दिवस तोंड शिवून बसले. तुझी टाच भक्कम आहे. त्या हॉलमध्ये दगा मी दिला. चिलखत देऊ नकोस. रविवारी साडेसहाला मी कुडाळला उभी असेन. मैत्रीण म्हणून यावंसं वाटत नसेल तर रागाने ये, पण ये. या वेळी टोक हलणार नाही. वाट पाहिजे असेल तर मला मारून काढ.

तू अजून म्हणू देत असशील तर, तुझीच,
भार्गवी